गुळगुळीत भिंतीची कुळकथा

रोममध्ये नगराधिकाऱ्यांची निवडणूक आहे. ऊन रणरणते आहे. मत टाकून मोकळी झालेली काही प्रतिष्ठित मंडळी सावली शोधत एका सरकारी इमारतीत येऊन टेकतात. आपला उमेदवार निवडून आला की त्याला मिरवत घरी पोहोचवायचे, तोवर वेळ काढायचा. गप्पा मात्र राजकारणाच्या नाहीत. शेतावर गायी-मेंढ्यांखेरीज आणखी काय पाळले तर पैसा सुटतो, या विषयावर त्या रंगल्या आहेत. मार्कस टेरेन्शियस व्हॅरो या पंडिताने इ.स.पू. 37 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्याचा तिसरा भाग असा सुरू होतो. मोर, कबुतरे, ससे, रानडुकरे, गोगलगायी असे करत करत गप्पा एका लहानशा कुरतडणाऱ्या प्राण्यावर येतात आणि जेमतेम अर्ध्या पानात तो विषय उरकून मधमाश्यांकडे वळतात.

त्या अर्ध्या पानात रानातला छोटा कुरतडणारा प्राणी उघड्यावर, कुंपणात कसा ठेवायचा याची पद्धतशीर कृती आहे. इतकी नेमकी कृती त्याआधी कुणी लिहिलेली हाती लागत नाही.

प्राणी म्हणजे खाद्य डॉर्माउस, लॅटिनमध्ये ग्लिस. धड उंदीर नाही, धड खार नाही. अंग राखाडी, पोट पांढरे, डोळे टपोरे काळे, शेपटी झुपकेदार. शेपटी सोडून लांबी वीतभराहून कमीच. दिवसा झाडाच्या ढोलीत पडून राहायचे, रात्री फांद्या पालथ्या घालायच्या आणि थंडीची चाहूल लागली की जमिनीत शिरून सुमारे सात महिने झोपायचे, असा त्याचा वर्षाचा क्रम. एवढ्या लांब झोपेसाठी शरद ऋतूत तो ओक, बीच, चेस्टनट यांच्या फळांवर ताव मारतो आणि वजन जवळजवळ दुप्पट करतो. रोमनांचा डोळा या चरबीवर होता.

व्हॅरो सांगतो, की यासाठी जागेला भोवताली दगडी भिंत घालावी. ती आतून गुळगुळीत दगडाने मढवावी, नाहीतर गुळगुळीत गिलावा करावा, म्हणजे प्राण्याला नखे रोवून वर चढता येणार नाही. आत ओकची लहान झाडे असावीत. लहानच का, हे तो सांगत नाही. पण मोठ्या झाडाची फांदी भिंतीवरून बाहेर गेली की गिलाव्याचा खर्च पाण्यात, हे कुणाच्याही ध्यानात यावे. झाडांना फळ नसेल त्या काळात ओकची आणि चेस्टनटची फळे बाहेरून आणून आत टाकावीत. पिल्ले घालायला ऐसपैस बिळे करून द्यावीत. पाणी थोडेच ठेवावे, कारण या प्राण्याला पाणी फारसे लागत नाही आणि कोरडी जागाच आवडते. अशा आवाराला ग्लिरारियम म्हणत.

या मजकुरात प्राण्याबद्दल कौतुकाचा एक शब्द नाही. तरीही लिहिणाऱ्याने, किंवा त्याला माहिती देणाऱ्या एखाद्या गुलामाने, हा प्राणी बारकाईने पाहिला होता. तो कशावर चढतो आणि कशावरून घसरतो, कुठे विणतो, काय पितो, सगळे टिपलेले आहे.

पुढची पायरी रांजणाची. आवारात वाढलेले प्राणी पकडून मातीच्या रांजणात घालत. कुंभार हे रांजण वेगळ्या घडणीचे करून देत: आतल्या बाजूने, भिंतीलगत, चकलीसारखी वळत जाणारी अरुंद पायवाट आणि खाणे ठेवायला एक खळगा. खळग्यात ओकची फळे, अक्रोड किंवा चेस्टनट टाकायचे आणि वर झाकण. आत अंधार, हालचालीला जागा बेताची आणि समोर खाणे. प्राणी लठ्ठ होत जातो. पाँपेईच्या परिसरात आणि इटलीत इतरत्र असे रांजण खरोखरच सापडले आहेत. हवेसाठी अंगावर भोके पाडलेली, आतून फिरत गेलेला कंगोरा तसाच शाबूत. व्हॅरोच्या वाक्यातला शब्द नि शब्द हाताला लागावा असा हा पुरावा आहे.

हा शौक एकट्या-दुकट्याचा नव्हता. टारक्विनी भागात फुल्व्हियस लिप्पिनस नावाच्या गृहस्थाने रानटी जनावरे कुंपणात पाळायची प्रथा पहिल्यांदा पाडली आणि लुकुलस व हॉर्टेन्शियस यांसारख्या धनिकांनी ती उचलली, असे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. हॉर्टेन्शियसच्या लॉरेंटमजवळच्या बंदिस्त रानात पाहुणे जेवायला बसले की ऑर्फियसचा वेष केलेला माणूस शिंग फुंकायचा आणि हरणे, डुकरे भोवती गोळा व्हायची. टायटस पाँपियस नावाच्या एकाने तर आल्प्सपलीकडच्या गॉलमध्ये मैलोगणती रान कुंपणात घेतले होते. त्यातच गोगलगायी, मधमाश्या आणि ग्लिसचे रांजण. व्हॅरोच्या मते मधमाश्या सोडल्या तर या साऱ्यांची राखण सोपी असते. भिंत चांगली असेल तर, हे त्यात गृहीत आहे.

मग स्वयंपाकघर. अपिशियसच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या संग्रहात ग्लिसची एक कृती आहे. डुकराचा खिमा आणि ग्लिसच्याच अंगावरचे उरलेसुरले मांस, त्यात मिरी, चिलगोजे, लेसर आणि माशांचा आंबवलेला रस घालून कुटायचे. ते सारण भरून प्राणी शिवायचा आणि कौलावर ठेवून भट्टीत भाजायचा. यातली मिरी मलबारची. लेसर म्हणजे आधी लिबियातल्या सिल्फियमचा चीक. ती वनस्पती मिळेनाशी झाल्यावर त्या जागी इराणकडून आपल्या हिंगाचाच भाऊबंद येऊ लागला. मिरी-हिंगाच्या फोडणीवर वाढलेल्या वाचकाला पदार्थ ऐकून कसेसे झाले तरी त्याचा वास मात्र अगदीच परका वाटू नये. रोमन लेखक पेट्रोनियसच्या कादंबरीतल्या एका प्रसिद्ध मेजवानीत हेच प्राणी मध आणि खसखस लावून वाढले आहेत. नवश्रीमंतांच्या ताटात काय दिसायला हवे, याची लेखकाला पक्की जाण होती.

ताटातली ही चढाओढ सरकारला खुपली. इ.स.पू. 115 मध्ये कॉन्सल असताना मार्कस स्कॉरस याने उधळपट्टीविरुद्ध जो कायदा केला, त्यात परदेशातून आणलेले पक्षी आणि शिंपल्यांबरोबर ग्लिसवरही बंदी होती. ती कितपत पाळली गेली? बंदीनंतर पाऊणशे वर्षांनी व्हॅरो रांजणांची घडण समजावून सांगत बसला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅम्मियानस मार्सेलिनस हा इतिहासकार रोममधल्या बड्या लोकांची टिंगल करताना लिहितो, की मेजवानीच्या मध्यावर तराजू मागवले जातात, मासे, पक्षी आणि ग्लिस यांची वजने केली जातात आणि शेजारी तीसेक कारकून लेखण्या-पाट्या घेऊन आकडे टिपायला उभे असतात. म्हणजे स्कॉरसच्या कायद्याला पाचशे वर्षे उलटून गेली तरी शौक टिकून होता, उलट त्याला हिशेबवहीही लागली होती.

तो आजही पुरता गेलेला नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात पोलीस गांजाच्या लागवडीचा माग काढत होते. तिथे त्यांना फ्रीझरमध्ये 235 ग्लिस गोठवलेले सापडले आणि काही जिवंत, पिंजऱ्यात, खाऊन-पिऊन लठ्ठ होत असलेले. इटलीत हा प्राणी संरक्षित आहे. रांजणाच्या जागी पिंजरा आणि झाकणाच्या जागी फ्रीझर, बाकी कृती तीच.

स्लोव्हेनियात याच प्राण्याची दुसरीच परंपरा आहे, पण तिथे भिंत नाही. बीचच्या रानांनी भरलेल्या त्या डोंगराळ मुलखात लोक शरदातल्या रात्री सापळे घेऊन रानात जात. मांस जेवणात, कातडे टोपीला, चरबी औषधाला. व्हाल्वासोर या सरदार-लेखकाने 1689 मध्ये छापलेल्या आपल्या प्रदेशवर्णनात या शिकारीला जागा दिली आहे आणि स्नेझ्निक किल्ल्यापाशी तिचे छोटे संग्रहालयही आहे. रानच कोठार असेल तर गवंड्याला कोण बोलावणार?

कुंपणाकडे पुन्हा युरोपचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात आणि तेव्हा हेतू पार बदललेला होता. साम्राज्ये पसरली होती, जहाजांतून जगभरचे प्राणी येत होते आणि परमुलखातला प्राणी आपल्या मातीत रुजवणे हे सुधारणेचे काम समजले जात होते. 1854 मध्ये पॅरिसमध्ये यासाठी खास संस्था निघाली, 1860 मध्ये तिचे उद्यानही उघडले.  इंग्लंडमधल्या जमीनदारांना यासाठी आपल्या हवेल्यांभोवतीची रानेच पुरेशी होती. 1876 मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये अमेरिकेतल्या करड्या खारी सोडण्यात आल्या. 1890 च्या सुमारास वोबर्न अ‍ॅबीच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने आणखी आणल्या आणि आपल्याकडच्या वाढल्या तशा स्नेह्यांना भेट म्हणून वाटल्या. याच ड्यूकने चीनमधून नामशेष झालेल्या पेर डेव्हिड हरणांचा उरलासुरला कळप वोबर्नला जमवून ती जात वाचवली, म्हणून त्याला नुसता उपद्व्यापी म्हणून सोडून देता येत नाही. पण करड्या खारींनी ब्रिटनच्या मूळ तांबड्या खारीला बहुतेक ठिकाणांहून हुसकावले. 1937 मध्ये करडी खार आणण्यावर आणि पाळण्यावरही तिथे बंदी घालावी लागली. तोवर खार पिंजऱ्याच्या आत आहे की बाहेर, याला काही अर्थ उरला नव्हता. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे 27 लाख असल्याचा अंदाज आहे.

1902 मध्ये खुद्द ग्लिसची पाळी आली. वॉल्टर रॉथशिल्ड हा बँकर घराण्यातला वारस. त्याला बँकेत रस नव्हता, प्राण्यांत होता. हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग पार्कमध्ये त्याने कांगारूंचे भाऊबंद आणि शहामृगासारखे मोठे पक्षी मोकळे फिरवले. गाडीला घोड्यांऐवजी झेब्रे जुंपून ती थेट बकिंगहॅम पॅलेसपर्यंत नेली. त्याच्या प्राणिसंग्रहात ग्लिसही आले आणि ट्रिंगच्या रानात मोकळे झाले. गुळगुळीत गिलाव्याचा विचार इथे कुणी केलेला दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते अर्धे पान रॉथशिल्डने वाचले असते तर बकिंगहॅमशर आणि हर्टफर्डशरमधल्या अनेक घरमालकांची झोप वाचली असती. कारण त्या ग्लिसची पिलावळ आजही चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरात आहे. बीचच्या राईतून ती घरांच्या पोटमाळ्यांवर येते, रात्रभर धुडगूस घालते, विजेच्या तारा कुरतडते आणि हिवाळ्यात तिथेच ढिम्म पडून राहते. वनखात्याची तक्रार निराळी: कोवळ्या लार्च आणि पाइनच्या सालीही ती सोलते.

आणि कायद्याची गंमत पाहावी. 1981 च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय या प्राण्याला सापळा लावता येत नाही. पण पकडलेला प्राणी पुन्हा रानात सोडणे हाही गुन्हा. माळ्यावर ग्लिस शिरला की घरमालकाने परवानाधारक माणसाला बोलवायचे, एवढाच मार्ग उरतो.

रॉथशिल्डच्याच सुमारास आपल्याकडची खारही या गोष्टीत शिरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थचे प्राणिसंग्रहालय 1898 मध्ये उघडले. त्या काळात तिथे आणलेल्या उत्तर भारतातल्या पाच पट्ट्यांच्या खारी आवाराबाहेर पडल्या आणि दक्षिण पर्थच्या बागांमध्ये रमल्या. आपल्या अंगणात खारीला कुणी पिंजऱ्यात घालत नाही. ती भिंतीवरून येते, शेंगदाणा उचलते आणि जाते. रामाने पाठीवर बोटे फिरवली म्हणून पट्टे उमटले, ही कथा सांगितली की मुलांना पुरते. पर्थमध्ये मात्र सव्वाशे वर्षे उलटूनही ही पाहुणी संग्रहालयाच्या आसपासच्या उपनगरांत मुक्काम ठोकून आहे आणि तिथल्या सरकारच्या लेखी ती उपद्रवी परदेशी प्राणी ठरते. ती दूरवर पसरली नाही, हेच नशीब.

मांसासाठी पाळणाऱ्याची भिंत पक्की निघाली आणि हौसेने पाळणाऱ्याच्या भिंतीला फट राहिली, असे या इतिहासात वारंवार दिसते. रोमन माणसाला पळालेला प्राणी म्हणजे पळालेला पैसा होता. रॉथशिल्डला आणि ड्यूकला प्राणी रानात बागडताना पाहायचा होता, म्हणून पळून जाणे हा त्यांच्या लेखी तोटाच नव्हता. विसाव्या शतकातली चिपमंकची हौस या दोन्हींच्या मधली: मालकाला प्राणी जवळ हवा होता, पण भिंतीवर खर्च करण्याइतका मोलाचा नव्हता.

सायबेरियन चिपमंक रशियाच्या उत्तरेपासून चीन, कोरिया आणि जपानच्या होक्काइडो बेटापर्यंतच्या रानांत राहतो. वजन साधारण शंभर ग्रॅम, पाठीवर पाच गडद पट्टे, गालांत पिशव्या. दिसायला आपल्या खारीचाच मावसभाऊ, पण सवयी वेगळ्या: तो बीळ खणतो, त्यात दाण्यांचा साठा करतो आणि हिवाळ्यात साठ्याशेजारीच झोपतो. 1943 पासून डिस्नेच्या चिप आणि डेल या जोडगोळीने चिपमंक नावाला जगभर लाडके केले होते. ती जोडी अमेरिकन. पण बाजारात स्वस्तात मिळणारा प्राणी कोरियन. 1960 च्या दशकापासून दक्षिण कोरियाच्या डोंगरांत पकडलेले चिपमंक परकीय चलनासाठी जपानकडे आणि युरोपकडे रवाना होऊ लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत युरोपात पोहोचलेल्यांची संख्या लाखावर जाते.

पाळणाऱ्यांना लवकरच कळले, की हा प्राणी खोलीतल्या पिंजऱ्यात सुखी नसतो. तो सतत पळतो, उड्या मारतो, उकरतो. म्हणून इंग्लंड, हॉलंड, जर्मनीत मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी करतात तसे उंच जाळीचे पिंजरे उभे राहिले. अर्ध्या इंचाहून मोठी जाळी चालत नाही. लाकडी चौकट कुरतडली जाते, म्हणून तिला आतून पत्रा. जमीन उकरून पळतो, म्हणून खाली फरशी किंवा मातीखालीही जाळी. आत जाताना पायांतून निसटू नये म्हणून एकामागे एक दोन दारे, पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. आत फांद्या, भिंतीवर झोपायच्या पेट्या, हेझलनट, सूर्यफुलाच्या बिया. हे सगळे केले, तर व्हॅरोच्या गवंड्याने मान डोलवावी असे काम झाले. पण बहुतेकांनी यातले निम्मेच केले.

शिवाय स्वभाव. उन्हाळ्यात हातावर येऊन दाणा खाणारा चिपमंक शरदात एकदम बदलतो. बोट जवळ नेले की कडाडून चावतो, सोबत्यावर धावून जातो. हिवाळ्याचा साठा राखण्याची ही जुनी खोड, असे समजले जाते; दुकानदाराने मात्र विकताना हे सांगितलेले नसते. चावरा प्राणी, कुरतडलेली चौकट आणि सुट्टीत सांभाळायला कुणी नाही. मग गाडीत घालून जवळच्या रानात सोडून येणे सोपे.

पॅरिसच्या आग्नेयेला सेनारचे रान आहे, बत्तीसशे हेक्टरांच्या आसपास, राजधानीचे लोक सुट्टीला फिरायला जातात असे. 1970 च्या दशकात तिथे सोडलेल्या चिपमंकांनी रान बघता बघता व्यापले. ब्रसेल्सलगतचे सोन्येनचे रान, हॉलंडमधले टिलबर्ग, जर्मनीत फ्रायबर्ग, इटलीत व्हेरोना आणि बेलुनो इथेही हेच घडले. युरोपातल्या या वस्त्यांचा वंश जनुकीय तपासणीत कोरियाकडे गेला, म्हणजे सगळ्यांची सुरुवात त्याच व्यापारातून. जपानमध्ये चिंता आणखी निराळी होती: होक्काइडोचा स्वतःचा चिपमंक आहे आणि बाजारातून सुटलेला कोरियन प्राणी त्याच्यात मिसळला तर मूळ वाण हरवेल.

फिरायला येणाऱ्यांना सेनारचे चिपमंक आवडत. शास्त्रज्ञांनी मात्र त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजायला घेतल्या. लाइम रोगाचे जिवाणू या गोचिडींतून माणसात येतात आणि गोचिडीच्या पिल्लांना ते लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या रक्तातून मिळतात. 2013 मध्ये सेनारवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तिथले चिपमंक स्थानिक रानउंदरांपेक्षा साडेआठ पटींपर्यंत जास्त बाधित गोचिडी रानात सोडतात. मोठी संख्या, दिवसभराचा जमिनीवरचा वावर आणि अंगावर ढीगभर गोचिडी, अशी ही बेरीज होती.

पुढचे पाऊल ब्रसेल्समध्ये पडले. युरोपीय संघाने 2014 मध्ये आक्रमक परदेशी जीवांसाठी कायदा केला आणि ऑगस्ट 2016 पासून लागू झालेल्या पहिल्या 37 जीवांच्या यादीत सायबेरियन चिपमंकचे नाव आले. आयात, विक्री, पैदास, पाळणे, सगळे बंद. बंदिस्त जागेची या कायद्यातली व्याख्या अशी, की जिथून निसटणे किंवा पसरणे शक्य नाही अशी ती हवी.

दुकानांना उरलेला माल खपवायला वर्षभराची मुदत मिळाली. घरी आधीपासून असलेल्या प्राण्यांना मरेपर्यंत ठेवण्याची मुभा आहे, पण जागा बंदिस्त हवी आणि पिल्ले होता कामा नयेत. म्हणजे नर-मादी वेगवेगळे. चांगली निगा राखली तर चिपमंक आठ-दहा वर्षेही जगतो. त्या हिशेबाने 2016 च्या आधीची पिढी आता संपत आली असेल आणि घरामागचे ते उंच पिंजरे एकतर मोडीत गेले असतील किंवा त्यांत पुन्हा पक्षी आले असतील. ब्रिटनने संघ सोडल्यावरही हे निर्बंध आपल्या कायद्यात कायम ठेवले. सेनारमध्ये मात्र वस्ती इतकी वाढली आहे, की सापळे लावून ती संपवणे कुणाला जमण्यासारखे नाही. लहान वस्त्यांत, जिथे प्राणी अजून मोजता येण्याइतके आहेत, तिथेच पकडण्याच्या मोहिमेला यशाची आशा असते.